वळणापुरती जागा

शनिवार, ५ एप्रिल

अकरा खांब! सिमेंटचे, दोन-दोन फूट जमिनीत पुरलेले. दादाने उपटून धुऱ्यावर आडवे केले.

सकाळी सातला योगेंद्रचा फोन. माझं वावर तोच मक्त्याने करतो. म्हणाला, "काका, तुमचे खांब झोपले." मला वाटलं वाऱ्याने. "वारा नाई जी. मोठे काका." मग म्हणाला — "पन तार मात्र मस्त गुंडाळून ठेवली आहे."

हे दादाचंच. भांडेल, पण तार मातीत पडू देणार नाही.

बाबांनी जिवंतपणी वाटणी केली. उगवतीकडचं दादाला, मावळतीकडचं मला, मधे धुरा, म्हणजे बांध. यंदा फेब्रुवारीत मी माझ्या वावराला चारही बाजूंनी तारेचं कुंपण घातलं. रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं हरभरा ठेवत नाहीत. आधी सरकारी मोजणी केली, नकाशा घेतला, मगच खांब रोवले. एक इंच दादाच्या हद्दीत नाही! बत्तीस वर्षं कोर्टासमोर बसून दुसऱ्यांचे धुऱ्याचे दावे टाइप करतोय. मला कच्चं काम जमत नाही.

दादा गावात काय म्हणाला तेही योगेंद्रने सांगितलं. "बंड्याले मोजनी समजते, वावर नाई समजत."

माझा कान तिखट आहे हे सगळी कचेरी जाणते. हे वाक्य कानात बसलं ते उठेना.

रविवार, ६ एप्रिल

रामनवमी. दादाला फोन केला नाही. त्यानेही नाही. साठीला आला तो, मी बावन्नचा. दोघंही फोनकडे बघत बसलो असणार.

मंगळवार, ८ एप्रिल

वकील मॅडमकडून नोटीस पाठवली. मॅडमने सांगितली, मीच टाइप केली. "दुष्ट हेतूने व जाणूनबुजून" — हे शब्द त्यांचे. बोटांना इतकी सवय आहे की "दुष्ट" टाइप झाल्यावर कळलं, हे दादाबद्दल आहे.

नागेश बाजूलाच बसतो. दोन टेबलं, एक झाड, एक चहावाला — अठरा वर्षांचा शेजार. त्याने विचारलं नाही की कोणाचा कागद. मीही त्याला कधी विचारत नाही. या धंद्याचा पहिला नियम मीच त्याला शिकवला — कागद बोटांतून गेला की पोटात जायला पाहिजे, तोंडात नाही. नवऱ्याचा अर्ज माझ्याकडे, बायकोचा त्याच्याकडे, आणि आम्ही दोघं एकाच बशीतली भजी खातो! या नियमावर दुकान उभं राहिलं. निंबाखालच्या सेकंडहँड मशीनवरून सुरुवात केली होती. आज दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स, पिपरीला घर.

शुक्रवार, ११ एप्रिल

नोटिशीला उत्तर नाही. दावा तयार करायला घेतला.

वर कोर्टाचं नाव. खाली वादी — बंडू उमाटे, वय ५२, धंदा टायपिंग. मधे, पानाच्या बरोबर मध्यावर — विरुद्ध. खाली प्रतिवादी क्रमांक एक, बबनराव उमाटे.

मॅडम म्हणाल्या, "क्रमांक दोन लिहा. तुमच्या भावाच्या सातबाऱ्यावर आईचंही नाव आहे. त्यांना पार्टी केलं नाही तर दावा तिथेच लंगडा होईल."

बरोबर आहे. हे मीच कित्येक पक्षकारांना सांगितलं आहे. प्रतिवादी क्रमांक दोन — मनकर्णाबाई उमाटे, वय ८१.

"विरुद्ध" हा शब्द मी दिवसातून वीस वेळा टाइप करतो. वर्षाचे हिशेब नको. आज पहिल्यांदा त्याच्या वर मी होतो आणि खाली माय.

फाइल सेव्ह केली. प्रिंट काढली नाही.

रविवार, १३ एप्रिल

समीक्षा आली. सावंगीला फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रविवारी घरी. तिचं एक जाड पुस्तक आणि पाठीच्या कण्याचं चित्र सोफ्यावर पसरलेलं. मी टेबलावर नागपूरच्या हायकोर्टाचा एक इंग्रजी कागद तपासत होतो. मधे मोठ्या अक्षरात "व्हर्सस".

सहज म्हणालो, "बेटा, बत्तीस वर्षं हा शब्द मारतोय. म्हणजे विरुद्ध, एवढं माहीत. पण हा मूळचा कुठला?"

"लॅटिन असेल बाबा. आमच्याकडे अर्ध्या हाडांची नावं लॅटिन." फोनमध्ये शोधलं. आणि हसायला लागली. "अहो, हा तर आमच्यातलाच निघाला! हे बघा, मणका — व्हर्टिब्रा. ज्याच्यावर अंग वळतं तो. चक्कर — व्हर्टिगो. सगळं फिरतं म्हणून. आणि तुमचा व्हर्सस. तिन्ही एकाच धातूचे. व्हर्टेरे, म्हणजे वळणे."

"वळणे? भांडणे नाही?"

"नाही. वळणे."

मला पटेना. ती वाचून दाखवत गेली. जुन्या लॅटिनमध्ये व्हर्सस म्हणजे "कडे". तोंड वळवून, त्या दिशेला. "रोमम् व्हर्सस" म्हणजे रोमकडे. शेकडो वर्षांनी इंग्लंडच्या कोर्टातल्या कारकुनांनी त्याला "विरुद्ध" केलं. समोरासमोर उभे राहिले की भांडायलाच, असं समजले असतील. कारकून कुठलेही असोत!

"अजून एक अर्थ आहे बाबा, नाम म्हणून. हा तुम्हाला आवडेल. नांगराचं तास."

"काय?"

"तास. बैल शेताच्या टोकाला जाऊन वळतात ना — ते वळण, आणि त्यातून पडणारी ओळ. म्हणून लिहिलेल्या ओळीलाही तेच नाव पडलं. कवितेच्या ओळीला इंग्रजीत व्हर्स म्हणतात ते इथून."

आमची ही आतून म्हणाली, "जेवायला वळा आता दोघं."

मंगळवार, १५ एप्रिल

काल कचेरीला सुट्टी होती. आज दिवसभर एकच नाद. जो शब्द येईल तो उलटून बघतो. ट्रॅक्टरचा रिव्हर्स — मागे वळणे. कन्व्हर्ट — पार वळवणे. सावंगीच्या फाटकावरचं युनिव्हर्सिटी — सगळं मिळून एकीकडे वळलेलं! आणि आमचं रोजचं ॲडव्हर्स पझेशन. वकील लोक ते असं उच्चारतात की पक्षकाराला घाम फुटतो. त्यातला ॲडव्हर्स म्हणजे मुळात नुसतं "ह्याच्याकडे तोंड केलेलं". कबजा करणारा मालकाच्या तोंडासमोर उभा आहे, एवढंच.

नागेशला सांगितलं. तो म्हणाला, "बंडूभाऊ, तुमाले काम कमी आहे का आज?"

गुरुवार, १७ एप्रिल

नागेशचं काहीतरी बिनसलंय. मी चहाला हाक मारायला गेलो तर त्याने स्क्रीनवरची खिडकी पटकन खाली केली. कागद झाकणं आमच्यात नवीन नाही, मीही झाकतो. पण झाकून तो माझ्याकडे बघेना. चहा त्याने पाजला. भजीही त्यानेच. घरी काही असेल. विचारलं नाही.

रविवार, २० एप्रिल

समीक्षाने या आठवड्यात आपल्या "विरुद्ध"चा छडा लावला. संस्कृत. रुध् म्हणजे अडवणे, कोंडणे. अवरोध, विरोध, कंठ रुद्ध होतो तो — सगळे त्यातले.

म्हणजे त्यांचा शब्द वळण्याचा, आपला अडवण्याचा. आणि अर्थ आज दोघांचा एकच. मी म्हणालो, "मग आपला शब्द खरा. कोर्टात सगळं अडतंच." ती म्हणाली, "बाबा, कुंपणही."

पोरगी मोठी झाली. मी पेपर उघडला.

जुनं टायपिंग मशीन माळ्यावरून काढून पुसलं. उगाच. एक ओळ मारली. शेवटाला घंटी वाजली, दांडा ओढला, गाडी परत सुरुवातीला. कॉम्प्युटर आल्यापासून ते वळण हातातून गेलं. आता ओळ आपोआप खाली जाते, टोक कधी आलं ते कळतही नाही. पूर्वी प्रत्येक ओळीच्या टोकाला घंटी असायची आणि आपण वळायचो.

बाबाही टोकाला आले की बैलांना एक लांब हाक द्यायचे. आम्ही घरातून हाका मोजायचो, किती तास झाले ते कळायचं.

बुधवार, २३ एप्रिल

मॅडम आज चिडल्या. "उमाटेजी, मेमध्ये कोर्टाला सुट्ट्या लागतील. मनाई हुकूम हवा असेल तर दावा त्याच्या आधी दाखल झाला पाहिजे. दोन आठवडे झाले, तुमचीच फाइल तुमच्याकडे अडकली!" मी म्हणालो, थोडं स्पेलिंग बघतोय. त्या म्हणाल्या, "मराठीत?"

उपटलेल्या खांबांचे फोटो हवेत त्यांना. पुरावा. रविवारी जाऊन काढतो.

गुरुवार, २४ एप्रिल

प्रतिवादी क्रमांक दोन. आज तिथे स्पेस दिला, पुसला, परत दिला.

रविवार, २७ एप्रिल

सगळं नीट लिहून ठेवतो.

सकाळी साडेसहाला स्कूटरवर निघालो, उन्हाच्या आत फोटो काढून परत यायचं म्हणून. गावाच्या अलीकडेच, नाल्यापासून, दादाचा आवाज ऐकू आला. वखर चालू होता. स्कूटर बंद करून उभा राहिलो. सकाळी वावरातला आवाज फार लांब येतो.

आधी वाटलं माझ्या कानात दोष आहे. दादा बैलांना हाकत होता, "चाल, चाल रे", ते बरोबर. पण टोकाची हाक येईना. बाबांची ती लांब हाक दादाच्या गळ्यात हुबेहूब उतरली आहे, मला माहीत आहे. ती नाही. त्याऐवजी आवाज बंद. मग लोखंड घासल्याचा आवाज. मग "सर्क, सर्क मांगं". मग परत शांत. आणि कितीतरी वेळाने पुन्हा "चाल".

बैल वळत नव्हते. दादा वखर उचलून, बैलांना मागे सरकवून, जागच्या जागी फिरवत होता!

धुऱ्यापाशी जाऊन पाहिलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. आमची वावरं एकमेकांच्या टोकाला टोक लावून आहेत. दादाचं तास जिथे संपतं तिथे माझी हद्द, माझं संपतं तिथे त्याची. बैलजोडीला वळायला नऊ-दहा फूट लागतात. ते आणायचे कुठून? तर माझे बैल दादाच्या वावरात पाय टाकून वळत, त्याचे माझ्या. तुडवलेलं ते नंतर ज्याचं तो वखरून घ्यायचा. त्यामुळे दोघांचीही जमीन शेवटच्या ढेकळापर्यंत कामी यायची. बाबांच्या वेळेपासून असंच. गावात सगळ्यांचंच असं. कोणी कोणाला विचारत नाही, आणि हे कुठल्या कागदावरही नाही. मोजणीवाल्याने रेघ अगदी बरोबर मारली. वळण त्याच्या नकाशात नसतं. ते मला माहीत होतं. वीस वर्षांचा होईपर्यंत मी स्वतः त्या वावरात बैल वळवले आहेत! आणि त्याच रेघेवर खांब रोवले.

दादाच्या बाजूला कुंपणालगत नऊ फुटांचा पट्टा पडीत. हराळी माजलेली; आज तोच पट्टा दादा वखरायला बघत होता. फक्त जिथे अकरा खांब निघाले तेवढ्यात तास थेट धुऱ्यापर्यंत, आणि माझ्या बाजूला बैलांच्या खुरांचे गोल ठसे.

माझ्या बाजूला तर बारा फूट पडीत — योगेंद्रच्या ट्रॅक्टरला जास्त लागतात! त्याला फोन लावला. "अरे, मला सांगितलं काऊन नाही?"

"तुमी इचारलं कुठं जी? तुमी म्हनलं कुंपन घालायचं आहे, कोर्टातला मानूस आहे, बरोबरच घालत असन."

दादा आला. माझ्या हातातला फोन पाहिला.

"फोटो काढून राह्यला का? काढ. इकडून उजेड चांगला येते."

माय निंबाखाली बसली होती, पाण्याची कॅन घेऊन. म्हणाली, "पहिले पानी पी म्हना त्याले. मंग भांडा."

पाणी प्यालो. मग विचारलं, "अकराच काऊन उपटले? धुऱ्यावर तीस आहेत."

दादा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "अकरापर्यंत राग होता. मंग उतरला."

"राग कशाचा?"

मायने सांगितलं. "चांद्याचा खांदा पाह्य."

उजवा बैल. खांद्यावर वीतभर जखम, आता खपली धरलेली, हळद लावलेली. चार एप्रिलच्या संध्याकाळी वळताना काटेरी तारेत अडकला. जनावर घाबरून ओढत गेलं तसं तार रुतत गेली. दादाने पान्ह्याने तार तोडली, बैल सोडवला, मग खांब उपटायला घेतले. आणि अकराव्याला थांबून तार गुंडाळली, दुसऱ्या कोणाच्या जनावराला लागू नये म्हणून.

हे त्याने मला कळवलं नाही. गावात सांगितलं नाही. योगेंद्रलाही माहीत नाही. "दुष्ट हेतूने व जाणूनबुजून." टाइप मीच केलं.

"सांगायचं ना दादा."

"काय सांगू? तुनं मोजनी आनली. साहेब आनला. कागदवाल्याले वावराचं काय सांगावं?"

मग मी एक मूर्खपणा केला. वखराचं रुमणं, म्हणजे मूठ, हातात मागितलं. दादाने दिलं. बत्तीस वर्षांनी! पहिलं तास सापासारखं गेलं. माय अशी हसली की तिला ठसका लागला. "माय माय, पोरगं वखरते का सही करते!" टोकाला कुंपण आलं आणि मी थांबलो. बैलही थांबले. पुढे तार, मागे वखर, मधे आम्ही तिघं. चांद्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. काय करायचं ते त्याला माहीत होतं. जागा नव्हती.

फोटो काढले नाहीत.

निघताना मायने भाकरीची चवड बांधून दिली. म्हणाली, "सहा तारखेले मले वर्ध्याले येनं आहे."

"कायले?"

"काम आहे."

"डोळ्याचं? सेवाग्रामच्या दवाखान्यात?"

दादाकडे बघून म्हणाली, "हो, तसंच समज."

तारीख इथे लिहून ठेवतो. सहा मे. रिक्षा सांगून ठेवायची.

सोमवार, २८ एप्रिल

मॅडमना सांगितलं, दावा टाकायचा नाही. त्या म्हणाल्या, "कायद्याने तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात." म्हटलं, हो, तेच तर. मग म्हणाल्या, "घरचं प्रकरण मिटत असेल तर चांगलंच आहे." वाईट नाहीत. त्यांचं काम त्या करतात.

फाइल पुसली. नागेशला म्हणालो, "एक दावा कमी झाला आज." तो नुसता हसला आणि उठून नळावर गेला. याचं काय चाललंय!

गुरुवार, १ मे

सुट्टी. समीक्षाला घेऊन गावाला गेलो. धुऱ्याकडची बाजू पूर्ण काढली. उरलेले एकोणीस खांब, योगेंद्र आणि दादा मदतीला. बाकी तीन बाजू राहू दिल्या. धुरा मोकळा ठेवला. रानडुकरांचं म्हणशील तर दादाने तोड काढली. तोही बाहेरच्या तीन बाजूंनी तार लावील, म्हणजे दोन्ही वावरं मिळून एकच कुंपण होईल. एवढं सोपं! मोजणी आणण्याआधी त्याला विचारलं असतं तर फेब्रुवारीतच झालं असतं. बत्तीस वर्षं पक्षकारांना म्हणतो, आधी घरात बोलून बघा.

समीक्षाने दादाला व्हर्ससचं सगळं सांगितलं, रोमसकट. दादाने लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाला, "म्हंजे त्या लोकायजवळ बी बैल होते."

"होते ना मोठे बाबा."

"आन धुरे?"

"असतील."

"मंग भांडनं बी असतीन." एवढं बोलून त्याने वखर लावला. मी धुऱ्यावर उभा राहिलो. पहिल्या टोकाला आला आणि ती लांब हाक दिली. चांद्या माझ्या वावरात दोन पाय टाकून, कमान घेऊन वळला. मी बाजूला सरकलो.

परत निघताना दादा स्कूटरपाशी आला. काहीतरी बोलायचं होतं त्याला. दोनदा "बंड्या" म्हणाला. मग आरशाला हात लावून म्हणाला, "हे ढिलं आहे, आवळून घेजो." आणि गेला. मायही आज माझ्याकडे कमी आणि जमिनीकडे जास्त पाहत होती. उन्हाने असेल.

रविवार, ४ मे

डोळे निवले असं लिहिणार होतो. पण खरं लिहायचं तर आतून थोडा फुगलोही आहे. शंभर टक्के बरोबर असून मागे वळलो — कोण करतो? हिने ऐकलं आणि म्हणाली, "स्वतःच स्वतःचा सत्कार करून घ्या आता."

मायसाठी परवाची रिक्षा सांगितली. सकाळी दहा, सेवाग्राम.

मंगळवार, ६ मे

रिक्षावाल्याचा फोन — म्हातारी म्हणते, सेवाग्राम नाही, कोर्टात चाल.

साडेदहाला दोघं माझ्या टेबलासमोर. दादाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. माझी नोटीस मिळाली त्याच आठवड्यात त्याने बैल वळवायच्या जागेसाठी माझ्यावर दावा टाकला होता. आज पहिली तारीख. समन्स माझ्यापर्यंत अजून पोचायचं होतं. वादी क्रमांक एक दादा. वादी क्रमांक दोन माय, खाली तिचा अंगठा. दावा टाइप केला होता नागेशने — माझ्यापासून सहा फुटांवर.

तिखट कानाचा बंडू उमाटे!

दावा मागे घेतोय अशी पुरसीस द्यायची होती. दादा आधी नागेशकडेच गेला होता. नागेशने हात जोडले. "हे मी नाई करत. तुमचं तुमी पाहा." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बंडूभाऊ, नियम तुमीच शिकवला होता."

टाइप करायला बसलो. वर दादा आणि माय. मधे तो शब्द. खाली मी. मायने अंगठा पुढे केला, मी शाई लावून दिली.

दादा खुर्चीमागे उभा राहून वाचत होता. म्हणाला, "प्रतिवादीचं नाव बरोबर लिहिलं ना रे?"

म्हटलं, "बरोबर आहे. ओळखीचा आहे."